सड्यावरची बोट

सर्वण, डिचोली
४ नोव्हेंबर २०२५

विषय: जुनी बोट

साईश,

"चिरंजीव" लिहून पाहिलं आणि पुढे "यास" लिहायचं की "यांस" तिथेच अडलो. चौतीस वर्षं पेडण्याच्या कचेरीत लोकांचे अर्ज दुरुस्त करून परत पाठवले, पण मुलाला पत्र लिहायचा नमुना कुठल्या फायलीत नव्हता. फोनवर माझा आवाज आला की तू ठेवतोस, म्हणून हा खटाटोप. तुझ्या कंपनीचा मुंबईचा पत्ता तुझ्या आईच्या वहीतून उतरवून घेतला. तिला सांगितलेलं नाही.

कामाचं बोलतो. एक बोट बघितली आहे. शिडाची, अठरा फुटी, फायबरची, तुझी होती तशी. मोपाला विमानतळाच्या रस्त्यावर गणपत नावाचा बेळगावचा माणूस हॉटेल चालवायचा. त्याने ती दारात शोभेला उभी केली होती. आता रस्ता रुंद होतोय, हॉटेल उठलं आणि त्याला ती काढून टाकायची आहे. समुद्र सोडून सड्यावर, या उघड्या माळावरच्या दगडांत आणि काजूंत बोट शोधायला येणार कोण? गिऱ्हाईक मी एकटाच.

हसू नकोस, पण मी ती रीतसर तपासली. नारळ वाजवतात तशी बोटाच्या पेरांनी कडेकडेने वाजवली. कुठे बद्द आवाज आला नाही. वरून निळा रंग थापलाय. आत माती भरून झेंडू लावले होते, ते वाळलेत. डोलकाठी शाबूत आहे, तिच्यावर दिव्यांची माळ आहे. खालचं पातं पोटात ओढून घेता येतं तसलं आहे, पण त्यात मुरूम अडकून बसलाय. शिडं मात्र नाहीत. गणपतने ती स्वयंपाकघरावर ताडपत्री म्हणून बांधली होती, दोन पावसांत त्यांच्या चिंध्या झाल्या.

तुझा ट्रेलर अजून मागच्या परसात आहे, तू उभा केलास तिथेच. तुझी आई त्यावर माडाची चुडतं रचते. टायर बसलेत, लोखंड गंजलंय, पण एक फेरी मारेल असं वाटतं.

बाबांना बोट कशाला, असं तू विचारशील. सहा वर्षांपूर्वी दिवाळीतल्या वादळात केरीच्या खाडीतून तुझी बोट गेली, तेव्हा मी जेवणाच्या ताटावर बोललो होतो, "नांगर नीट टाकता येत नाही आणि निघालाय दर्यावर." चार पिढ्या नांगर धरणाऱ्या घरात हे वाक्य मला फार जमलेलं वाटलं. तू भात तसाच टाकून उठलास. पंधरा दिवसांनी बॅग घेऊन गेलास तो गेलासच.

ती बोट गेली, ही घे. एकदा घरी ये, एवढंच मागणं आहे. यंदा चतुर्थीला गणपतीवरची फळांची माटोळी मी स्टुलावर चढून बांधली. वाकडी झाली. दीड दिवस सगळे येणारे जाणारे तिच्याकडे बघून मान तिरकी करत होते.

बाबा


सर्वण
१७ नोव्हेंबर २०२५

साईश,

काल बोट आणायला गेलो. आणली नाही.

ओढून आणायला सुदेशला सांगितलं होतं. बोटीचा ट्रेलर ओढायचा हूक इथे त्याच्याच पिकअपला आहे, म्हणून त्याला सांगावं लागलं. तुझा मित्र आता पाण्यावर जात नाही. त्या वादळाच्या आदल्या दिवशी तू पणजीला नोकरीच्या परीक्षेला होतास आणि तुझी बोट त्याने नांगरली होती. ती गेल्यापासून केरीत त्याला "नांगऱ्या" म्हणतात. आपली होडी कुणी त्याच्या हाती देत नाही. तो मुलांच्या सायकली, लग्नातल्या खुर्च्या, चिऱ्याचे दगड असलं काय काय पोचवतो.

सकाळी इथे आला, ट्रेलरवरची चुडतं स्वतः उतरवली, टायर बदलले, बेअरिंगला ग्रीस भरलं. तुझ्याबद्दल एक शब्द विचारला नाही. मीही सांगितलं नाही, सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतंच.

मोपाला कोल्हापूरकडचे आठ मजूर रस्त्याच्या कामावर होते, त्यांना हाताशी धरून बोट ट्रेलरवर चढवली. ती अशी बसली की एक पाचर लावावी लागली नाही. सुदेश बघत राहिला.

"काका, मापान करून घेतल्यासारी बसली."

मी म्हटलं, "सगळ्या बोटी सारख्याच रे."

त्याने पट्टे आवळले, डोलकाठी आडवी करून मागच्या टोकाला लाल फडकं बांधलं आणि आम्ही निघालो. तू असतास तर तुला बरं वाटलं असतं. विमानतळाच्या मोठमोठ्या गाड्या मागून भोंगे वाजवत होत्या आणि सुदेश वीसच्या वर जात नव्हता. वळणावर आधी थांबायचा, मागे बघायचा, मग वळवायचा. बाळंतिणीला घरी नेतात तसं चाललं होतं.

धारगळच्या उतारावर डाव्या चाकातून धूर यायला लागला. त्याने बाजूला घेतली आणि खाली शिरला. थोड्या वेळाने बाहेर आला. त्याला काही काम आठवलं, म्हणून बोट तिथेच काजूखाली ठेवून तो गेला. मी बसने आलो.

बोटीची काळजी करू नकोस. चाकांना दगड लावलेत.

बाबा


सर्वण
२३ नोव्हेंबर २०२५

साईश,

मागच्या पत्रात दुरुस्ती आहे. कचेरीत आम्ही याला शुद्धिपत्रक म्हणायचो.

सुदेशला काम आठवलं नव्हतं. आणि हूक त्याच्या एकट्याच्या गाडीला नाही. अस्नोड्यात दोघांकडे आहे, त्यातला एक माझ्या ओळखीचा आहे. तरी मी सुदेशलाच सांगितलं. का, ते मी सहा दिवस स्वतःला विचारतोय. बोटीला निळा रंग आहे, त्याला काय ओळखणार, असं वरवर म्हणत होतो. आतून मला पकडलं जायचं होतं की काय, कोण जाणे.

चाकाखाली शिरला तो पाच मिनिटं बाहेरच येईना. मी विचारलं, काय झालं? आतून म्हणाला, "काका, जरा वाकान बघा." मी वाकलो. निळा रंग तिथवर पोचलेला नाही. पात्याच्या बाजूला फायबरचं एक ठिगळ आहे, गोल, पोदेर भाजतो त्या पोयीएवढं, चपट्या पावाएवढं. त्यावर त्याने हात ठेवला होता.

"ही पोय मी मारलेली," तो म्हणाला. "तेरेखोलाक खडकार आपाटली तेव्हा. साईश हसलो, म्हणालो, ठिगळ मारलंस काय पोय भाजलंस?"

तो बाहेर आला, हात पुसले, माझ्याकडे बघितलं.

"तुमका म्हायती होता."

मी मान हलवली. हो अशी की नाही अशी, ते मलाच कळलं नाही. त्याला कळलं.

"सा वर्सां सांगतंय, नांगर मी बरो टाकलेलो. माझ्या आवशीक सुद्धा खरा वाटला नाय. साईश माझ्या दारात येवन थुकलो. आणि तुमका म्हायती होता."

आवाज चढवला नाही त्याने. हुकाची पिन काढली, पिकअप पुढे घेतली. मग उतरून परत आला, चार दगड शोधून आणले आणि चारी बाजूंनी चाकांना लावले. एक हलत होता, तो काढून दुसरा लावला. मगच गेला. इतक्या रागातही त्याने काम अर्धं टाकलं नाही, आणि असल्या माणसाला मी नांगऱ्या होऊ दिलं.

आता जे सांगायचं ते सांगतो. ही तुझीच बोट आहे. वादळाने नेली नाही, मी विकली.

गणपतशी माझं आठ दिवस आधीच ठरलं होतं. बोट गेली की तू नोकरी धरशील, असं मला वाटत होतं. सरकारी नोकरी दारात आली होती आणि तू शिडाचे दोर विणत बसला होतास. वादळ थांबल्यावर पहाटे उठून मी केरीला गेलो. दोन होड्या फुटून वाळूत पडल्या होत्या. सगळं गाव किनाऱ्यावर उडालेली छपरं गोळा करत होतं. आत खाडीत, कांदळाच्या आडोशाला तुझी बोट होती तिथेच होती. नांगरावर शांत उभी. एवढ्या वादळात वीतभरसुद्धा सरकली नव्हती. सुदेशने नांगर बरा टाकला होता, साईश. हे या जगात फक्त मला ठाऊक होतं.

गणपत ट्रक आणि माणसं घेऊन आला. वादळ गणपतच्या हिशेबात नव्हतं, माझ्या मात्र पथ्यावर पडलं. नांगर मी स्वतः ओढून घेतला. तो तळाला राहिला असता तर तू बुडी मारून काढला असतास आणि दोर सोडल्याचं तुला दिसलं असतं. नांगरच नाही म्हटल्यावर तो घसरला आणि बोट दर्यात गेली, असं सगळ्यांनी धरलं. गोणत्यात घालून मी तो घरी आणला. गोठ्याच्या माळ्यावर आजोबांचे लाकडी नांगर आहेत, त्यांच्यामागे ठेवला. नांगरांत नांगर. तेव्हा मला माझीच हुशारी वाटली होती.

तू तीन दिवस खाडी धुंडाळलीस. चौथ्या दिवशी आई तुला देवळात घेऊन गेली, कौल घ्यायला. मीही आलो होतो. घरात बसवेना. शांतारामभटांनी देवीच्या मूर्तीला दोन्ही बाजूंनी ओल्या पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं, बोट पाण्यात असेल तर डावी दे, जमिनीवर असेल तर उजवी दे. तू हात जोडून उभा होतास. पाच मिनिटांत उजवी पडली.

तुझ्या आईचा चेहरा कसा उजळला ते आठवतं? जमिनीवर आहे म्हणजे कुणाकडे तरी आहे, सापडेल. आणि मी वर बोट दाखवून म्हटलं, "पंखा चालू आहे. वाऱ्याने पडली. हा कौल धरता येत नाही."

शांतारामभट ओशाळले. पंखा बंद करून पुन्हा पाकळ्या लावल्या. तासभर बसलो, एकही पडली नाही. देवीने एकदा सांगितलं होतं, ती पुन्हा कशाला सांगेल? पण तू मान खाली घातलीस, आणि वाटेत सुदेशच्या घरासमोर थांबलास.

बोट विकली म्हणजे तू नोकरीला लागशील, असा माझा होरा होता. लागलास, बोटीवर. आपल्याकडे बोटीवर गेला म्हणजे परदेशी जहाजावर, घरापासून लांब गेला, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आता तुला सगळं माहीत आहे. मला माफ कर असं लिहिणार होतो. त्या शब्दाखाली सही करायला हात धजत नाही.

बाबा


सर्वण
८ डिसेंबर २०२५

साईश,

बोट घरी आली.

रघुनाथचा ट्रॅक्टर नेला. हा आपल्या वाड्यावरचा, मळणीला यायचा तो. त्याने ट्रॅक्टरमागे नांगर ओढलाय, ट्रॉली ओढली आहे, एकदा बंद पडलेली बससुद्धा. बोट पहिल्यांदाच. कोलवाळच्या पुलावर खालून एक होडी जात होती. तिच्यातल्या माणसाने मान वर करून आमच्याकडे बघितलं आणि बघतच राहिला. रघुनाथ म्हणाला, "गोकुळदासबाब, तो म्हणत असतलो, ह्यांका कोणीतरी सांगा, पाणी खाली आसा."

मी हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो, म्हणून तुला सांगतोय.

डिचोलीच्या बाजारात गर्दीत अडकलो. लोक विचारत होते, कितीची, कुणाची, खंय नेतात. मुलाची आहे, असं मी सांगत होतो. एकाने विचारलं, मुलगा कुठे असतो? रघुनाथने ट्रॅक्टरचा आवाज वाढवला.

संध्याकाळी अंगणात लावली. सुपारी सुकत घालतो ती जागा पूर्ण भरली. तुझी आई पायरीवर उभी होती. तिला वाटलं होतं, मी भंगारातली कसलीतरी ट्रॉली आणतोय. ती खाली उतरली, बोटीभोवती एक फेरी मारली. तिला शिडाचं, पात्याचं काही कळत नाही. पण पुढच्या कडेला लोखंडी कडी आहे ना, तिच्यात तुझ्या पहिल्या फेरीच्या वेळी तिने काळा दोरा बांधला होता. रंगाखाली त्याची गाठ अजून आहे. तिने नखाने रंग खरवडला.

"ही खंय मेळली?"

मी सांगितलं. सगळं, उभ्या उभ्या. तुला लिहून झालं होतं म्हणून तोंडातून बाहेर तरी आलं. बोट विकली ते तिने ऐकून घेतलं. सुदेशचं ऐकून पायरीवर बसली. मग एकच विचारलं.

"म्हणजे ती उजवी पाकळी खरी पडलेली?"

"हो."

"देवीन माका खरा सांगलेला. आणि तुमी पंख्यार घातलात." मग म्हणाली, "सा वर्सां मी कौल घेवक गेलंय नाय. म्हटलां, देवी माझ्याकडे बोलणा नाय."

सकाळी ती पेडण्याला तुझ्या मामाकडे गेली. भांडली नाही. कैरीचं मिस्कूट, तिचं घरचं लोणचं, बरणीतून अर्धं काढून माझ्यासाठी वाटीत ठेवलं, तांदळाच्या डब्यावर माप कुठलं ते लिहून ठेवलं. पेज मला करता येते हे तिला ठाऊक आहे. तरी लिहून ठेवलं. कधी येणार ते मी विचारलं नाही, आणि तिने सांगितलं नाही.

तू तिला फोन करशील तेव्हा ती काय सांगेल ते सांगेल. मी तिला अडवणार नाही.

बोट चांगली आहे. पात्यातला मुरूम मी खिळ्याने कोरून काढला. आता ते आत-बाहेर होतं. दोन दिवस तेच करत होतो, आत-बाहेर.

बाबा


सर्वण
२१ जानेवारी २०२६

साईश,

डिसेंबरचं पत्र परत आलं. फोडलेलं नाही. वर मुंबईच्या कचेरीचा शिक्का आहे आणि "घेणाऱ्याने नाकारले" असं लिहिलंय. अशी पत्रं मी आयुष्यभर नोंदवहीत चढवली, घरी पहिल्यांदा आलं. म्हणजे आधीची तीन कचेरीने बोटीवर पोचवली, तू वाचलीस आणि पुढची घेऊ नका म्हणून कळवलंस. हेही परत येईल, म्हणून आता काय वाटेल ते लिहायला मी मोकळा आहे.

परवा सुदेश आला. पिकअप बाहेरच ठेवली, आत आला नाही. मी पाणी दिलं, ते घेतलं.

"साईशाचो फोन इल्लो," म्हणाला.

मी बाकावर बसलो. तू त्याला ब्राझीलच्या कुठल्याशा बंदरातून फोन केलास म्हणे. तू रडलास. मग तोही रडला. पुढचं सांगताना तो बोटीकडे बघत होता, त्यामुळे सगळं मला ऐकू आलं नाही आणि मी पुन्हा विचारलं नाही. तुमचं तुमच्यात जुळलं, एवढं कळलं. हे मी मोडलं होतं, आणि माझ्याशिवाय सांधलं गेलं. बरं वाटलं. खोटं नाही सांगत, बरं वाटलं.

मग मी विचारलं, "माझ्याबद्दल काय म्हणाला?"

सुदेशने पेला पायरीवर ठेवला. "काय नाय म्हणालो, काका."

"बोटीचं?"

"नको म्हणालो. तुका होयी तर घे म्हणालो."

"मग घे. हूक आहे तुझ्याकडे."

"माका पण नको," तो म्हणाला. "माका नांगर दिया."

मी गोठ्यात गेलो, माळ्यावर चढलो. आजोबांचे नांगर बाजूला सारले तर वाळवीचा भुगा पडला. ते संपलेत, हात लावला की मोडतात. तुझा लोखंडी मात्र तसाच आहे. चिखलसुद्धा वाळून त्याला चिकटलेला आहे, केरीचा, त्या दिवसाचा. सुदेशने तो दोन्ही हातांत घेतला, अंगठ्याने चिखल खरवडून बघितला. तो धुवायचा नाही, तसाच ठेवायचा म्हणाला. केरीच्या धक्क्यावर ठेवणार आहे, जाताना येताना सगळ्यांना दिसेल असा. कुणी विचारलं तर सर्वणच्या गोकुळदासकडे होता असं सांगेन, म्हणाला. सांगू का, असं मला विचारलं. मी म्हटलं, सांग. नाव नीट सांग, आडनावासकट.

तो गेला. बोट अंगणातच आहे. सुपारी आता मी गच्चीवर घालतो. आत माती राहिली होती, तिच्यात झेंडूचं एक रोप आपोआप उगवलंय. उपटणार होतो, राहू दिलं.

आज सकाळी देवळात गेलो होतो. तुझ्या आईशिवाय पहिल्यांदाच. शांतारामभट थकलेत, पण ओळखलं त्यांनी. कौल घ्यायचा आहे म्हटलं. ते पंख्याच्या बटणाकडे निघाले, मी आधीच उठून तो बंद केला. दारं लोटली, खिडकी लावली. कसलाच वारा नको होता मला. त्यांनी पाकळ्या पाण्यात बुडवून लावल्या आणि विचारलं, गाऱ्हाणं काय घालू? मी म्हटलं, साईश घरी येणार असेल तर उजवी, येणार नसेल तर डावी.

आठ वाजता बसलो. नऊ वाजले. एक बाई ओटी भरून गेली. दहा वाजले. दोन्हीकडच्या पाकळ्या वाळत आल्या होत्या, कडा वळल्या होत्या, तरी चिकटून होत्या. मला घाम फुटला होता. साडेअकराला शांतारामभट माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "गोकुळदासबाब, आज देवीक सांगूचा नाय. परत कधीतरी येवा."

मी म्हटलं, डावी पडली तरी चालेल. काहीतरी सांगू दे तिला.

ते म्हणाले, "तसा जबरदस्तीन घेवक येणा नाय."

बारा वाजले. नैवेद्याची वेळ झाली, त्यांना पाकळ्या उतरवायच्या होत्या. मी उठलो. पाय बधिर झाले होते, खांबाला धरून उभा राहिलो. वर पंख्याकडे बघितलं आणि भटजींना म्हटलं, पाकळ्या उतरवायच्या आधी पंखा लावा.

बाबा